ओल्या फडक्याचा आकडा

बुधवार, ११ डिसेंबर
शाळेची गच्ची, यंत्राच्या खोलीतून

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरा आहे. तू बरी आहेस का, हे विचारायचं तोंड मला नाही, पण पत्राची सुरुवात तशी करतात म्हणून विचारतो. छकुलीची धाप कमी झाली का? आज नाकातली नळी काढणार होते. काढली?

फोन का केला नाही म्हणशील. तुझा आवाज ऐकला की मी थापा मारायला लागतो. कागदावर जरा कमी मारतो.

नोकरी कशी आहे, असं परवा विचारलंस. छान आहे. हवा मोजायचं यंत्र पुसायचं आणि खाली फाटकावरच्या पाटीवर आकडा उमटतो ना ते बघायचं. प्राचार्यांची कॉलर धरून कॉलेजातून बाहेर पडलेल्याला याहून मोठं काय मिळणार? साहेब चांगले आहेत. साहेबांची मुलगी त्यांच्याहून चांगली आहे. हसू नकोस. साहेब 'उडी मार' म्हणाले असते, तर मी 'कितव्या मजल्यावरून' एवढंच विचारलं असतं.

ते तसं म्हणाले नाहीत. म्हणाले, "महिनाभर हवेचे पाहणीवाले येतील. आकडा जरा माणसात दिसू दे रे." आणि हातात एक ओलं फडकं दिलं.

ताई, ते फडकं मी रोज सकाळी सातला यंत्राच्या नळीच्या तोंडाला बांधायचो. धूर-धूळ त्यात अडकायची. दुपारी पिळलं की शाईसारखं पाणी निघायचं. आणि खाली पाटीवर हिरव्या अक्षरांत 'हवा चांगली'.

पाटी हिरवी असली तरच तू छकुलीला मैदानावर सोडतेस, हे मला ठाऊक होतं. तूच मैत्रिणीला सांगत होतीस, "वर माझा भाऊ आहे, आकडा चुकायचा नाही." मी शेजारी उभा राहून हसलो. वाटलं, थोडेच दिवस, काय बिघडतंय.

गुरुवारी ती पळाली आणि ओठ निळे पडेपर्यंत श्वास शोधत बसली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "त्या दिवशी हवा कशी होती?" तू म्हणालीस, "चांगली होती, पाटी बघूनच सोडलं." मग त्या दुसरी कारणं शोधायला लागल्या. उशा, गालिचा, मांजर. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "शोधता कशाला? आईचं लक्ष नाही, हेच कारण." तू मान खाली घातलीस. मी तिथेच संत्रं सोलत होतो. फोडी केल्या, एकेका फोडीच्या शिरा काढल्या. एरवी तुला कुणी वाकडं बोललं की बाह्या सरसावणारा मी!

मांजर पिशवीत घालून लांब सोडून आलो, तोही मीच. छकुलीनं विचारलं, "मामा, मनी कुठंय?" म्हटलं, फिरायला गेली.

काल साहेबांच्या मुलीला सगळं सांगितलं. वाटलं, 'माझ्यासाठी केलंस' म्हणेल. ती म्हणाली, "माझ्या नावावर खपवू नकोस. मी कुणाचा श्वास मागितला नव्हता." आणि उठून गेली. तिचंच बरोबर आहे, म्हणून जास्त लागलं.

आज फडकं बांधलं नाही. पाटी लाल झाली, आकडा तीनशे चाळीस. मुख्याध्यापिकाबाईंनी पोरांना वर्गात बसवलं. साहेबांचा फोन येऊन गेला, ते निघालेत. मी त्यांच्याशी भांडणार नाही. फडकं त्यांनी दिलं, गाठ माझी होती, एवढं पाहणीवाल्यांना लिहून दिलंय.

हे पत्र आधी डॉक्टरीणबाईंना दाखव. महिनाभराचे आकडे खोटे होते हे कळलं की त्या भलत्या कारणामागे जाणार नाहीत. मग सासूबाईंसमोर मोठ्यानं वाच. माझ्या प्रेमाचा मजकूर गाळू नकोस, हसू देत त्यांना. तुझ्याकडे मात्र पुन्हा कुणी बोट दाखवू नये.

क्षमा मागत नाही. तू लगेच करशील, म्हणून.

'तुझा' लिहायचा हक्क तू देशील तेव्हा. तोवर नुसता,
छकुलीला धाप लावणारा
तिचा मामा