मोहरीएवढा बुडबुडा

बारामती,
ता. ८ जानेवारी १९३६

ती. सारजाअक्काच्या पायांशी सोपानचे शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. शाई आणायला निघालो न् वाटेत दौंडच्या छोट्या गाडीचं इंजिन रुळावरून उतरलेलं दिसलं. ते परत चढेपर्यंत पाय निघंना. असो. तुझी माशांची पेटी तयार झाली.

दाजींना सांग, काच मी स्वतः निवडली. इथं एका फोटोवाल्यानं दुकान मोडलं, त्याच्या दर्शनी कपाटाच्या काचा सावळारामांकडं आल्या. मी त्यांच्याकडंच तसबिरी मढवायला हाय. खिडकीची काच एक सूत जाड असती, ही पुरी दोन सूत. उन्हाकडं धरली तर कड काळपट हिरवी, खोल विहिरीगत. एकीवर चरा होता, ती बाजूला टाकली. पाणी चरा हुडकत येतं. पुढच्या काचेत कोपऱ्यात मोहरीएवढा बुडबुडा हाय, पण तो लुकणाखाली झाकला, दिसत न्हाय. लुकण खडूची पूड न् जवसाचं तेल मळून केलं. चौकट लोखंडी, तळाला शहाबादी फरशी. काचा चौकटीच्या आतून बसवल्यात, म्हंजी पाण्यानं रेटलं तरी त्या चौकटीलाच टेकतील.

लुकण तीन आठवडे वाळू द्या, बोटसुद्धा लावू नका. पाणी मी येऊन भरीन, रोज वीतभर, एकदम न्हाय.

कालव्याच्या पाण्यानं डास झाले न् हिवताप आला. मासे डासांच्या अळ्या कसे गिळतात ते दाजी शाळेत पोरांना न् तपासणीला येणाऱ्या डिपोटीसाहेबांना दाखवतील. पण त्या दिवशी आपल्या आबांनाबी बोलाव. एक काम तडीला नेलेलं दाखव, मगच काटेवाडीच्या उंबऱ्याच्या आत ये, असं त्यांनी मला सांगितलंय. हे माझं पहिलं पुरं काम हाय, अक्का.

तुझा लोभ दोन सुती जाडीचा असू दे.

तुझा
सोपान


इंदापूर,
ता. २१ जानेवारी १९३६

चि. सोपान यास सारजाचे अ. उ. आ.

पेटी पेंढ्यात बसून मोटारीने सुखरूप आली. पडवीत ठेवली आहे. मी रोज पदराने धूळ झटकते, बाकी हात लावत नाही. तुझ्या पत्रात ह्यांनी चुकांखाली लाल रेघा ओढल्या, चौदा निघाल्या. तरी पेटी बघून म्हणाले, पोराचे हात शहाणे आहेत.

साहेब सोमवारी, तीन फेब्रुवारीला येणार. आबांना निरोप धाडला. आधी नको म्हणाले, मग बाजारचं काम आहेच तर येतो, म्हणाले. त्यांचं येतो म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. तू आठवडाभर आधी ये.

घरात आणखी एक चांगलं झालं. मामंजींचा मोठा केलेला फोटो दोन वर्षं गुंडाळून पडला होता, तो ह्यांनी मढवून टांगला. चेहरा कसा समोर बसल्यासारखा दिसतो. तसबीर एवढी जड की एका खिळ्यावर राहीना, दोन मारावे लागले.

वेळेवर जेवत जा, आणि वाटेत कुठे इंजिन घसरलं असेल तर डोळे मिटून पुढे ये.

तुझी वाट बघणारी
अक्का


इंदापूर,
ता. ४ फेब्रुवारी १९३६

चि. सोपान यास अ. उ. आ.

अक्षर वाकडं आहे. उजव्या हाताला पट्टी आहे, डाव्याने लिहिते.

तू आला नाहीस. ह्यांनीच पेटी वर्गात नेऊन, तू लिहिलं होतंस तसं रोज वीतभर पाणी भरलं. काल वर्गात साहेब बघायला वाकले आणि पुढची काच वरून खालपर्यंत गेली. मी खुळी, तळहाताने पाणी अडवायला धावले. चार टाके पडले. मासे जमिनीवर तडफडत होते, पोरं ते तांब्यात भरत होती. साहेबांनी विचारलं, पेटी कोणी केली? हे म्हणाले, माझ्या मेहुण्याने, त्याचं सगळं असंच असतं.

आबांचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं. ते एवढंच बोलले, "हेबी अर्धंच." आणि न जेवता काटेवाडीला परत गेले.

माझ्या हातातून निघालेला तुकडा चिंधीत बांधून पाठवते. तुझी दोन सुती काच तूच बघ. मी सगळ्यांपुढे तुझी बाजू घेत आले रे.

काय लिहू आणखी. जिथे असशील तिथे सुखी राहा.

सारजा


बारामती,
ता. ९ फेब्रुवारी १९३६

ती. अक्काच्या पायांशी शि. सा. न. वि. वि.

तुझ्या हाताचं वाचून जेवण गेलं न्हाय.

आधी माझी चूक सांगतो. बावड्याला तंबूतला सिनेमा आला होता. म्हटलं एक खेळ बघून तसाच इंदापूरला जाऊ. खेळ सुरू झाला न् यंत्र बंद पडलं. मी ते उघडून बसलो, त्यात सगळे दिवस गेले.

पण काच माझी न्हाय, अक्का. तुकडा पट्टीवर मोजला. एक सूत, तेबी जेमतेम. कड तांदळाच्या धुवणागत फिकी. सावळारामांनी हातात घेतला न् लगेच सांगितलं, ही खिडकीची.

मग तुझं मागचं पत्र परत वाचलं. खिडकीच्या काचेच्या तसबिरीला दोन खिळे लागत न्हाईत. मामंजींची तसबीर खाली काढ, उजेडाला धर न् चारी कोपरे बघ. बुडबुडा न्हाय सापडला तर मी येऊन दाजींचे पाय धरीन. सापडला तर आबांना सांग. मी सांगितलं तर ते ऐकायचे न्हाईत. तुझ्या शब्दाला ते मान देतात.

एवढं कर, मग वर्षभर काही मागणार न्हाय.

तुझाच
सोपान


इंदापूर,
ता. १६ फेब्रुवारी १९३६

चि. सोपान यास अ. उ. आ.

बुडबुडा आहे. मामंजींच्या पागोट्यापाशी, वरच्या कोपऱ्यात. बोट लावून बघितला.

ह्यांना विचारलं, त्यांनी लपवलं नाही. वडिलांच्या चेहऱ्यापुढे स्वच्छ काच असावी असं मनात होतं. लुकण ओलं होतं, काच सहज सुटली. शाळेच्या खिडकीची जुनी काच मापाची मिळाली, ती बसवली. काच ती काच, म्हणाले. आता जेवताना खाली बघतात.

पण आबांना मी सांगणार नाही. आबांना कळलं की बाजारच्या दिवशी सगळ्या इंदापुराला कळेल. हे यंदा हेडमास्तर व्हायचे आहेत. तुझं काय रे, आज इथे, उद्या तिथे, तुला बोल चिकटत नाही. आम्हाला इथेच राहायचं आहे. तुझ्या अक्कासाठी एवढं गिळ.

भाऊबीजेला माझ्या दारी ये, ओवाळायला ताट तयार ठेवीन.

तुझी
अक्का


बारामती,
ता. २७ फेब्रुवारी १९३६

ती. सारजाअक्कास सोपानचा नमस्कार.

काल काटेवाडीला गेलो होतो. आबा वांग्याच्या वाफ्याला पाणी देत होते. मी बांधावर उभा राहिलो, खिशात तुझी चिंधी. त्यांनी मान वर करून बघितलं न् परत खाली वाकले. दार धरून पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचं ते विसरले, बरंच पाणी एका वाफ्यातच गेलं, म्हंजी मी दिसलो होतो.

दाजींचं मला एवढं लागलं न्हाय. काच ती काच म्हणाले, त्यांना ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक झालं, न् मग तू ते पत्र लिहिलंस. बोल चिकटत न्हाय म्हणतीस. चिकटतो गं. मी चालता असतो म्हणून कुणाला दिसत न्हाय.

चार पावलं पुढं गेलो असतो तर तुकडा दाखवला असता. आबांनी विचारलं असतं, बुडबुडा बघितला कुणी? तिथं तुझं नाव आलं असतं. आबांना दोनच लेकरं. त्यातलं एक अर्धं हाय हे त्यांना ठाऊक हाय. दुसरंबी तसंच निघालं, हे मी कुठल्या तोंडानं सांगू? तसाच मागं फिरलो.

तसबीर राहू दे. काच चांगली हाय, मी निवडलेली. फक्त दोन्ही खिळे मधनंमधनं बघत जा, भिंत ओलीची हाय.

भाऊबीजेचं आत्ता काही लिहीत न्हाय. लोभाचंबी न्हाय.

तुकडा परत पाठवतोय. चिंधी सोडताना हात जप.

सोपान