गळपट्टा घातलेलं गांडूळ

शारजा,
२८ जुलै २००२

तीर्थरूप अप्पांना जावई शैलेंद्रचा साष्टांग नमस्कार (उन्हामुळे मनातल्या मनात घातलेला). गुडघा कसा आहे? साधना माहेरपणात आणि निनाद आजोळपणात मजेत असतील. इथे मी आणि बाग, दोघं पाण्यावर जगतो.

दुबईच्या ऑफिसातून, ट्रॅफिकमधून सुटून आलो की मी पाइप घेऊन मोगऱ्यापाशी बसायचो. ओली माती, आईंनी जाण्याच्या वर्षी तुमच्या दारी लावलेल्या आणि तिथून इथे आलेल्या मोगऱ्याचा वास, भिंतीपलीकडून शेजारच्या हलिमाआपांचा पुदिना. अर्धा तास मी शारजात नसायचोच, तुमच्या अंगणात असायचो (डास मात्र शारजाचे). अशाच तंद्रीत महिन्यापूर्वी झाडाखालून सापाचं पिल्लू उडालं ते थेट माझ्या चपलेवर! मी खुर्चीवर चढलो आणि वॉचमन राजनला हाक मारली. तो वाकून म्हणाला, "साब, केंचुआ है. लेकिन दिमाग खलास है." अप्पा, लग्नाआधी तुम्ही साधनाला म्हणाला होतात, "मुलगा सज्जन आहे, पण गांडूळ आहे." तेव्हापासून या प्राण्याबद्दल मला आपलेपणा वाटतो. ते उडी मारतं हे पाहून ऊर भरून आला.

मग ऑफिसात इंटरनेटवर पाहिलं. साध्या गांडुळाचा पट्टा फुगीर, खोगिरासारखा पाठीवरच. याचा डोक्याजवळ, दुधी, गुळगुळीत, गळपट्ट्यासारखा चहूबाजूंनी. धरलं तर शेपूट आपल्या हातात ठेवून निघून जातं (मी धरलं, ठेवून गेलं). माती कॉफीच्या भुकटीसारखी रवाळ झालेली, बोट लावलं तरी मोगरा डुलायचा. ही परकी जात मातीचा कस खाऊन पुढे सरकते म्हणे, आणि पुढे तर भिंतीपलीकडचा पुदिना. तीन दिवस मी नुसता पाइप धरून बसलो.

आपला,
शैलेंद्र

ता.क. चौथ्या दिवशी मोगरा उपटला. माती काळ्या प्लॅस्टिकखाली उन्हात भाजली. उपटताना रडलो, खोटं कशाला सांगू? साधनाला हे तुम्हीच सांगा, माझी छाती होत नाही. एक फांदी ग्लासात पाण्यात ठेवली होती, तिला आज पांढरं मूळ फुटलंय.

ता.क. दुसरा. गांडुळं निघाली ती मोगऱ्याच्या मूळच्या मातीतूनच. तीच कुंडी, जी तुम्ही डिसेंबरात धोतरात गुंडाळून, कस्टमवाल्याला "लोणचं" सांगून आणलीत. साधनाला नीट समजावलंत, तर हे मी तिला कधीच सांगणार नाही. (संगतीने गांडूळही उडी मारायला शिकतं.)