सगळ्यांचे उत्तर बरोबर आले म्हणून रोखलेला निकाल

प्रति,
मा. नियंत्रक,
सत्रांत प्रमाणित चाचणी विभाग (गणित)

विषय : दहावी 'क'चा निकाल जाहीर करून फेरपरीक्षा रद्द करण्याबाबत.
संदर्भ : निकाल रोखल्याचे आपले पत्र व माझा खुलासा.

महोदय,

रेषेचा चढ काढण्याचा सातवा प्रश्न माझ्या वर्गात सर्वांना आला. आपले म्हणणे, ज्या प्रश्नाने हुशार आणि कच्चे वेगळे होत नाहीत तो कुचकामी. म्हणून तो बाद. प्रश्न आपला, ठेवा नाहीतर काढा. पण पाठोपाठ मुलांचा निकाल रोखलात, तो कोणत्या न्यायाने?

आपण लिहिता, प्रत्येक उत्तरपत्रिकेच्या समासात छोटा जिना काढलेला आहे, सबब ही सामूहिक कॉपीची खूण. महोदय, चढ मी फळ्यावर शिकवलाच नाही. शाळेच्या जिन्यावर शिकवला. पोरे टेप घेऊन पायरीपायरीला बसली. किती वर, किती पुढे, किती वर, किती पुढे, असे गुणगुणत मोजत राहिली. जे अंगात मुरले तेच कागदावर उतरले. यात चोरी कुठे आली?

हे सारे खुलाशात लिहिले. उत्तर आले की जिना मान्यताप्राप्त शैक्षणिक साहित्याच्या यादीत नाही, आणि फेरपरीक्षा जिना दिसणार नाही अशा खोलीत घ्यावी. आमच्या शिपाईमामांनी ते वाचून विचारले, "मग बाई, जिन्याला चादर घालू का?" मला हसू आले नाही.

कारण तंत्रशाळेचे प्रवेश या शनिवारी बंद होतात आणि फेरपरीक्षा आपण सोमवारी ठेवली आहे. माझी एक विद्यार्थिनी आयुष्यात पहिल्यांदा गणिताच्या पेपरातून हसत बाहेर आली होती. तिला त्याच तंत्रशाळेत जायचे आहे. तिची आई शिवणयंत्र सोडून रोज फाटकाशी येते, "लागला का हो, बाई?" म्हणते आणि माझे तोंड पाहून मागे वळते.

काल ती मुलगी टेबलाशी येऊन हळूच म्हणाली, "बाई, माझं सातवं उत्तर चुकलं होतं असं मी लिहून दिलं तर बाकीच्यांचा तरी निकाल लागेल का?" मुलांच्या चुका दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला, चूक मागायला आलेले लेकरू मी पहिल्यांदा पाहिले.

निकाल शुक्रवारपर्यंत जाहीर करावा. करणार नसाल, तर तिला उत्तर द्यायला आपण स्वतः वर्गात यावे आणि तिच्या डोळ्यांत बघून ते द्यावे. मी देणार नाही.

अजून तरी नम्र असलेली,
(सही)
गणित शिक्षिका, दहावी 'क'
बुधवार, दुपार

सोबत : सर्व पालकांच्या सह्यांचे निवेदन