नवी आवृत्ती आणि फॅक्सचा रकाना

तीर्थरूप मामा,

भाच्याचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता कुरकुरत नसावा आणि निवृत्तीनंतरची दुपारची झोपही छान लागत असावी. (माझी रात्रीचीही लागत नाही.)

तुम्ही मला बोट धरून ज्या टूलवर स्क्रीन बनवायला शिकवलंत, त्याची नवी आवृत्ती आली आहे. तुमच्या वेळी काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं असायची. डेटाबेसमधल्या तक्त्याचं नाव सांगितलं की ते मुकाट्याने चौकटी आखून द्यायचं. मग त्याला माउस फुटला. (गोदामातली मंडळी बरेच दिवस तो टीव्हीच्या रिमोटसारखा पडद्यावर रोखत होती.) मग ते ब्राउझरमध्ये राहायला गेलं आणि रोज सकाळी 'आधी मला अपडेट करा' म्हणून अडून बसू लागलं. दर वेळी विकणारे सांगत, काहीही बदलावं लागणार नाही. आणि दर वेळी सगळं बदलावं लागे, अर्थात मलाच. त्यावरच तर माझं घर चाललं. आता ही नवी आवृत्ती जुने स्क्रीन स्वतःच वाचते आणि नवे स्वतःच बनवते. "म्हणजे प्रोग्रॅमरची गरजच नाही!" असं साहेब टाळी वाजवून म्हणाले, आणि मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

काल चाचणी म्हणून गिऱ्हाइकांकडे फर्निचर पोचवणाऱ्या सकाळच्या गाड्या नव्या स्क्रीनवर लावल्या. माझा चहा संपायच्या आत सगळे स्क्रीन तयार, कोपरे गोल, रंग झकास. तेवढ्यात गोदामप्रमुख धापा टाकत वर आले: एकही कपाट गाडीत चढत नव्हतं. झालं असं, की (तुम्हाला आठवतच असेल) गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर शेऱ्याला जागा नव्हती, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "टाका फॅक्सच्या रकान्यात, फॅक्स करतंय कोण?" तेव्हापासून गोदाम इमानेइतबारे तिथेच लिहितं: 'कुत्रा मोकळा असतो', 'कपाट लिफ्टमध्ये मावत नाही', 'बेल वाजवू नका, बाळ उठतं', 'बाईंशीच बोला, नवरा काहीही कबूल करतो'. नवी आवृत्ती पडली शहाणी. फॅक्स म्हणजे आकडेच हवेत म्हणून ती हटून बसली. कुत्र्याचा नंबर दिल्याशिवाय माल सोडायचं चलन निघेना.

साहेबांनी विचारलं, ही अक्कल कुणाची? मी तुमचं नाव घेतलं नाही. (म्हणजे लगेच नाही घेतलं.) मनातून मात्र त्या कुत्र्याचे पाय धरावेत असं वाटत होतं. असल्या जुन्या भानगडी निस्तरायला माणूस ठेवायचा की नाही, हे साहेब सोमवारी ठरवणार आहेत. मामा, मला खरंच भीती वाटते. या वयात मला दुसरीकडे कोण घेणार? बायको "होईल नीट" म्हणते, पण हल्ली ताटात न विचारताच जास्त वाढते.

बाकी सगळं ठीक, असं म्हणायची पद्धत आहे.

तुमचा
भाचा

ता. क.: पत्र खरं तर एवढ्यासाठी, की सोमवारी सहज आल्यासारखे ऑफिसात या. साहेबांनी काहीही विचारलं तरी "आता मला काही आठवत नाही, भाच्यालाच ठाऊक" एवढंच म्हणा.

आणखी ता. क.: पाकीट चिकटवणार तोच साहेबांचा फोन आला. माणूस ठेवायचं ठरलं म्हणे. ज्यांनी जुने स्क्रीन बांधले तेच गृहस्थ सोमवारपासून रुजू होताहेत, आणि त्यांना सगळं लख्ख आठवतं. मामा, माझी जागा मशीन घेईल म्हणून मी घाबरलो होतो. पण मशीनला थोरली बहीण नसते, त्याची तक्रार करणार कुणाकडे? तुम्हाला आहे, आणि मी आत्ता आईलाच फोन लावतोय.