कप्तानाच्या नवसाचा नारळ

मु. कापडे, पोलादपूर
दसऱ्यानंतरचा शुक्रवार, १९६७

प्रिय मुराद यास,

कुवेतच्या वाळूत मुक्काम ठोकून बसलेल्या आमच्या एकुलत्या एक परदेशी मित्राला भागोजीचा रामराम, आणि ग्रामपंचायतीच्या ओटीवरच्या समस्त रेडिओ-मंडळींचा सलाम. तुझी प्रकृती उत्तम असेलच. आमचीही आहे. तुझ्या आईची, म्हणजे रहिमाचाचीची, तर फारच उत्तम आहे. (तसं लिही म्हणून तिनेच बजावलंय, म्हणून लिहितो. गुडघ्यांनी मात्र असं काही सांगितलेलं नाही.)

तुझं पत्र पोचलं. करार आणखी दोन वर्षं वाढवायचा विचार आहे, हे तू एका ओळीत उरकलंस आणि बाकीचा सगळा कागद 'मंगळाची फेरी'त पुढे काय झालं हे विचारण्यात घालवलास. तुझं बरोबरच आहे म्हणा. दर गुरुवारी संध्याकाळी ती श्रुतिका लागली की इथेही भात आटतो, म्हशी हंबरतात, पण ओटीवरून कोणी उठत नाही. रेडिओच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असल्यामुळे गुरुवारपुरता मला सरपंचापेक्षा जास्त मान आहे.

तुझा आवडता भाग कोणता, हे मला पाठ आहे. यानातलं पाणी संपत येतं, उरलेला एक पेला सगळे एकमेकांपुढे सरकवतात आणि शेवटी तो तसाच भरलेला कप्तानाकडे परत येतो. त्या रात्री तू घरी पाणी न पिता झोपलास, अशी चाचीची तक्रार होती. माझा आवडता भाग मात्र धुळीच्या वादळाचा. तेव्हा आंबेनळी घाटाकडून वारा सुटला होता, रेडिओ नुसता खरखरत होता, आणि तू कौलांवर चढून एरियलची तार हातात धरून उभा राहिलास. तू हात हलवलास की मंगळावरचा माणूस मुका व्हायचा. सगळा भाग आम्ही ऐकला आणि तू वरून ओरडत राहिलास, "काय झाला रे? वाचला का तो?" खाली आल्यावर मी तुला सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. (थोडी पदरचीही घातली, ते तुला तेव्हाच कळलं होतं.) आता तार बांबूला बांधली आहे. बांबू काही विचारत नाही. मला त्या भागाची फार आठवण येते.

तर आता पुढचं ऐक. मागच्या महिन्यात यान मंगळावर बिघडलं, इंधन संपलं, कप्तान "कोणी ऐकतंय का?" म्हणाला आणि भाग तिथेच थांबला. मंडळींच्या घशाखाली घास उतरेना. कोंडाजी म्हणाला, आपण ऐकतोय ना, मग गप्प कसं बसायचं? ग्रामदेवीला गाऱ्हाणं घालू. सकाळी सगळे नारळ घेऊन देवळात हजर. (मी श्रुतिका म्हणजे काय ते समजावून सांगितलं. सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नारळ धरायला मलाच सांगितलं.) पण दत्ताराम गुरव अडून बसला. "नाव सांगा, गाव सांगा. बिनगावच्या मानसाचा गाऱ्हाना देवी पोचवील कुठं?" कप्तानाचं गाव कोणालाच ठाऊक नव्हतं. मी मुंबई सुचवलं, कारण आवाज तिथून येतो. तर कोंडाजी म्हणाला, मुंबईला त्यांची देवी हाय, आपल्या देवीनं त्यांच्या हद्दीत कशाला जावं?

तेव्हा पायरीखाली उभी असलेली रहिमाचाची म्हणाली, "मुरादचा नाव घे रे. गाव कापडे."

दत्तारामचा जीव भांड्यात पडला. त्याने एका दमात गाऱ्हाणं घातलं, की लेकरू मुराद दूरदेशी गेला हाय, त्याची वाट मोकळी कर, त्याला सुखरूप घरी आण. आम्ही सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून देऊळ दणाणून सोडलं. माझा आवाज जरा बसला, पण तो नारळाच्या शेंड्या नाकात गेल्यामुळे असावा. नारळ तुळईला बांधला. (चाचीने त्याच संध्याकाळी पिराकडेही सांगून ठेवलं. म्हणजे दोन्हीकडून बंदोबस्त झाला.)

आणि काय सांगू, पुढच्याच गुरुवारी यान सुरू झालं! कप्तान परत आला. स्वागताला बँड, हारतुरे, भाषणं. तो गर्दीतून वाट काढत घरी गेला, तर त्याच्या आईने मंगळाचं नावही काढलं नाही. तिने विचारलं, "जेवलास का?" एवढ्यावर भाग संपला. पुढचे बाजारभाव सुरू झाले तरी मी रेडिओ बंद केला नाही. तू असतास तर कौलांवरून विचारलं असतंस, काय झाला रे.

आता मोठ्यांना नमस्कार सांगावा तर तिथे तुझे कोण मोठे आहेत ते ठाऊक नाही, म्हणून तुझ्या मुकादमालाच सांग.

तुझा,
भागोजी

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. आपल्याकडे नवस ज्याच्या नावाने बोलला, त्यानेच येऊन फेडायचा असतो. नारळ अजून दत्तारामच्या डोक्यावर लटकतो आहे आणि तो पूजा करताना सारखा वर बघतो. तुझ्याशिवाय तो कोणी सोडायचा नाही. तेव्हा कराराचं तू बघ.

आणखी ता. क. : कप्तान परत आलेला नाही. कालच्याच भागात त्याने मंगळावर कालवे खणायचं काम पत्करलं आणि मुक्काम आणखी दोन वर्षं वाढवला. चाची भाग संपायच्या आधीच उठून गेली. एरवी ती बाजारभाव संपेपर्यंत रेडिओला चिकटून बसते, लांबचा आवाज आहे म्हणून. परत येण्याचा भाग मी पदरचा घातला आहे. टपालात टाकण्याआधी हे पत्र मी तिला वाचून दाखवलं. 'जेवलास का' तिने पुन्हा वाचायला लावलं, मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "ह्यो भाग खरा हाय. ह्योच पाठव."