उरुसाच्या गर्दीतली बाई

अनसिंग
वैशाख वद्य पंचमी, सन १९३८

आसेगाव मुक्कामी तुळसाबाई यांस अनसिंगच्या सोजरचा पाया पडून नमस्कार. इकडं लेकरंबाळं बरी आहेत. तुमची तब्येत बरी असंन.

तुमी मले ओळखत नाई. ज्या घरातून तुमाले माहेरी धाडलं, त्याच घरात तुमच्या मागून आलेली मी. तुमचं तोंड मात्र मले पाठ आहे. लग्न होऊन आली तवा सासूबाईनं देव्हाऱ्यातला तुमचा फोटो दाखवला. म्हणल्या, थोरली मानमोडीच्या साथीत माहेरी वारली, रोज कुंकू लाव, नाईतर सवत भोवते. मी लावलं. दर भादव्यात अविधवा नवमीले तुमच्या नावानं सवाष्णी जेवू घातल्या. तुमी जित्या आहा, हे साऱ्या गावाले ठाऊक होतं म्हणे. पुरणपोळी खाऊन जात, पण एकीनं तोंड उघडलं नाई.

मालकाले फोटो जमवायचा भारी नाद. बाजार, पोळा, उरूस, कोणाचाही फोटो चाले. पेट्याच्या पेट्या भरल्या, आमी हसत होतो. या चैतात ते सारे फोटो नागपूरच्या अजबबंगल्यात लोकायले पाह्यले मांडले. दीर रामराव म्हणाले, घरचं कोणी पाहिजे, वहिनी चला. माझ्यासारखीनं चार लोकात कायले मिरवावं, असं मी म्हणलं. पण गेली.

मंगरूळपीरच्या उरुसाचे फोटो एका भिंतीवर ओळीनं लावले होते. पेटीत एकेक सुटा पाह्यला तवा काही दिसलं नाई. भिंतीवर पाहते तर सगळ्यायत एकच बाई, रेवडीच्या दुकानावर बसलेली. पहिल्यात तरणी, मंग केस पिकलेली. जिच्या कपाळाले रोज बोट लावलं तिले मी नाई ओळखणार? रामरावाले विचारलं तर त्यायनं फोटो काढणाऱ्याकडं बोट केलं.

फोटो काढणारे शफीकभाई तिथंच होते. म्हणाले, "तुमचे पाटीलसाहेब पैसे धाडायचे न् एकच सांगायचे, गर्दीचाच काढ, पण रेवडीवाली त्यात आली पाहिजे."

स्वतः मात्र उरुसाले एकदाही गेले नाई. मेल्या माणसाले नावं ठेवू नये, पण असं भित्रं माणूस मी पाह्यलं नाई. आईपुढं ब्र काढता आला नाई, तुमच्यापुढं उभं राहता आलं नाई. मले तुमचा हेवा वाटला, तेही लिवते. त्या पेट्यायत माझा एक फोटो नाई.

आता जे लिवायचं तेच लिवलं जात नाई. वर मेल्या माणसाले म्हणलं, त्यावरून समजल्या असान. मालक पौषात गेले. छातीत कळ आली न् संपलं. तुमाले निरोप धाडा असं कोणाच्या तोंडून निघालं नाई. मेलेलीले निरोप कोण धाडते?

शेवटच्या फोटोत तुमच्या कपाळावर ठसठशीत कुंकू आहे. वाटलं, नको सांगू, एकीचं तरी राहू दे. पण तुमी जित्या का मेल्या, हे या घरानं तुमाले न विचारता एकदा ठरवलंच. मी अजून एकदा काहून ठरवू? पत्र शफीकभाईजवळ देऊन राह्यली, ते वाचून दाखवतील.

पुसाल तर पुसा, ठेवाल तर ठेवा. कोणी बोललंच तर सांगा, अनसिंगच्या हिशोबानं मी अहेव मेली. अहेव मेलेलीचं कुंकू कोणाच्या बापाले पुसता येत नाई.

तुमची सवत,
सोजर