घड्याळाला ऊन

४ फेब्रुवारी, सकाळी
घड्याळ पुन्हा बंद. रात्रभर चार्जिंगला होतं, चहा होईपर्यंत टिकलं. हे लेकीने दिलेलं. मी पडलो-बिडलो तर ते तिला आपोआप कळवतं, म्हणून तर तिने मला इथे एकट्याला राहू दिलंय. बंद झालं की तिच्या फोनवरचा माझा ठिपका जातो आणि तिचा फोन येतो. आज तीनदा आला. दर वेळी अंघोळीला गेलो होतो म्हटलं. म्हणाली, बाबा, सकाळपासून तिसरी अंघोळ? आता शेवटचं सांगते, घड्याळ चालत नसेल तर सामान बांधा, मी न्यायला येते.
घाबरण्यासारखं काही नाही. वॉरंटी आहे. उद्याच जाणार.

५ फेब्रुवारी
गेलो नाही. छातीत धडधडत होतं. ठोके बघायला घड्याळ लावलं तर ते बंद, त्यामुळे धडधड वाढली. वरच्या मजल्यावरचा शिंपी म्हणाला, काका, काही खाल्लंय का? खाल्ल्यावर थांबली. योगायोग.

७ फेब्रुवारी
घरचा उपाय चालूच आहे. पूर्वी ट्रान्झिस्टरचे सेल उतरले की मी उन्हात ठेवायचो, मग आणखी बातम्या ऐकू यायच्या. घड्याळालाही गेल्या उन्हाळ्यापासून रोज अकरा ते दोन खिडकीबाहेरच्या पत्र्यावर ऊन देतो. एक दिवस चुकवलेला नाही. तरी बॅटरी खालावतेय, म्हणजे माल मुळातच कच्चा. शिंप्याने पत्र्याला हात लावला आणि ओरडला. म्हणाला, काका, यावर माझी इस्त्री तापेल. त्याला विजेतलं काही कळत नाही.

९ फेब्रुवारी
बोलायचा सराव केला. आवाज चढवायचा नाही, पण हटायचंही नाही. शिंपी मॅनेजर झाला. फारच आडमुठा मॅनेजर. मीच चिडून घरी आलो. सराव उत्तम झाला.

१२ फेब्रुवारी, दुपारी
सर्व्हिस सेंटर. काउंटरवरची मुलगी मला आजोबा म्हणाली. दुर्लक्ष केलं. तिने घड्याळ आत तपासायला दिलं. मग म्हणाली, बॅटरी पार झिजलीय, पण वॉरंटीत आहे, बदलून देऊ. सही करा.
जिंकलोच होतो. पण एवढ्यात झिजली म्हणजे गिऱ्हाईक निष्काळजी, असं तिला वाटायला नको. म्हणून मी घेतलेली काळजी सांगितली. रोज अकरा ते दोन.
तिची बोटं थांबली. म्हणाली, आजोबा, परत सांगा? परत सांगितलं. तिला टाइप करता यावं म्हणून जरा सावकाश. मग ती मॅनेजरला घेऊन आली. त्यालाही ऐकायचं होतं. त्याला ट्रान्झिस्टरपासून सांगितलं. बाकड्यावरची माणसंही वळून ऐकत होती. इतक्या लक्षपूर्वक माझं कुणी ऐकल्याला बरीच वर्षं झाली.
मॅनेजर म्हणाला, उष्णतेने गेलेली बॅटरी वॉरंटीत बसत नाही. तो आत गेल्यावर मुलगी हळूच म्हणाली, आजोबा, मी विचारलं होतं का?
प्रकरण वरपर्यंत नेणार. लेकीला तूर्त काही सांगायचं नाही.

१३ फेब्रुवारी
लेकीला सांगितलं, कंपनीने घड्याळ अभ्यासासाठी ठेवून घेतलंय. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, बाबा, घड्याळ माझ्या नावावर आहे, मेसेज मला येतात. आणि वाचून दाखवलं. ग्राहकाने घड्याळ रोज उन्हात ठेवले. म्हटलं, कोवळं ऊन गं. म्हणाली, अकरा ते दोन?
मग ती हसत होती की रडत होती, फोनवर कळेना. परवा ती आणि जावई गाडी घेऊन येतायत. स्पष्ट सांगितलं, या, चहा घ्या, मी येणार नाही. ठाम राहिलो.

१६ फेब्रुवारी, लेकीकडे
चार दिवसांसाठी आलोय. ट्रंक, ट्रान्झिस्टर आणि लेकीच्या आईचा फोटो बरोबर आणला, उगाच मागे धूळ खायला नको. शिंप्याने किल्ली ठेवून घेतली. म्हणाला, काका, आता मॅनेजर कुणाचा होऊ? आणि पटकन जिना चढून गेला. त्याचं काम पडलं असेल.
नवं घड्याळ मिळालंय. चार्जिंगला लेक स्वतः लावते, मला हात लावू देत नाही.
माझी खोली मागच्या बाजूला आहे. ऊन अजिबात येत नाही. घड्याळाच्या दृष्टीने चांगलं आहे.